गळ्याचं माप

आमच्या घरात बाबांच्या एका स्वेटरची गोष्ट सांगितली जाते. तो स्वेटर आज नाही. त्याचा फोटो नाही, धागा नाही, बटण नाही. तरी तो फिकट पिवळा होता, दुधात चिमूटभर हळद घालावी तसा, हे आम्हा सगळ्या नातवंडांना पाठ आहे. १९६२ च्या दिवाळीत आजीनं आपल्या चार महिन्यांच्या मुलासाठी विणलेला तो स्वेटर एका रात्रीत उसवला आणि लोकर जवानांसाठी देऊन टाकली. ते चार महिन्यांचं मूल म्हणजे बाबा. शाळेत असताना पंधरा ऑगस्टच्या भाषणात मी ही गोष्ट दोनदा वापरली, एकदा तिसरा नंबरही मिळवला. बाबा अजूनही ती सांगतात आणि शेवटाकडे त्यांचा आवाज जरा जड होतो. आपण पाळण्यात असताना देशाला काहीतरी दिलं, एवढं भांडवल माणसाला साठ वर्षं पुरतं.

ही गोष्ट आजीनं स्वतः कधी सांगितली नाही. ती तिथंच असायची, वाती वळत नाहीतर शेंगा सोलत, पण मान वर करायची नाही. आम्हाला तो तिचा विनय वाटायचा.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी ऐन थंडीत साताऱ्याला आले आणि मुलगी झाली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या घरांना हिवाळ्यात ऊन उशिरा भेटतं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, ओवा आणि बाळंतशोपांची धुरी, दारावर जाड पडदा. आणि पडद्याबाहेर आई विरुद्ध आजी असा अखंड वाद. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळ झोपलं की डोक्यावर टोपडं नको. आजी म्हणायची, डॉक्टरांना साताऱ्याची थंडी काय माहीत. डॉक्टर साताऱ्याचेच होते.

बाळ बघायला येणाऱ्यांनी बाजारातले स्वेटर आणले. आजी त्यातला एकेक हातात घ्यायची, मुठीत चुरगाळून सोडायची. एकाचा तिनं शिवणीतला धागा ओढला आणि देवापाशी निरांजनाच्या ज्योतीवर धरला. धागा वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. "प्लॅस्टिक," ती म्हणाली. लोकर असती तर केस जळल्याचा वास आला असता आणि राख बोटात चुरली असती. मग चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई स्टुलावर चढली (आई ओरडत होती) आणि माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला.

डब्यात रबरानं बांधलेल्या सुयांच्या जोड्या होत्या. "अंगाला दहा नंबर, बॉर्डरला बारा, मोज्यांना चौदा." मी अर्थातच चौदा नंबर जाड समजून चालले. पण हे नंबर इंग्रजांच्या तारेच्या मापावरून आलेले. तार जितक्या वेळा ओढून बारीक करायची तितका आकडा मोठा, म्हणून नंबर चढतो तशी सुई बारीक होते. दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, चौदा म्हणजे दोन. आता सुयांवर मिलिमीटर छापलेले असतात, तरी साताऱ्यातल्या दुकानात 'दहा नंबर द्या' म्हटलं की दुकानदार न विचारता हात घालतो.

सगळ्यात खाली चार सळया होत्या, दोन्ही टोकांना घासून टोकदार केलेल्या. सायकलच्या स्पोक. त्या माझ्या पणजीच्या, म्हणजे आजीच्या आईच्या. मी मोजपट्टी लावून पाहिलं, बरोबर दोन मिलिमीटर. सायकलची साधी स्पोक चौदा गेजचीच असते, हे मला तेव्हा कळलं. पणजीला ते कुणी सांगितलं असेल?

विणणं मला अगदीच नवं नव्हतं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही एक उलट एक सुलट करत वीतभर मफलर विणला होता आणि प्रदर्शनाच्या दिवशी आपापल्या आयांकडून पुरा करून आणला होता. आता आजीनं मला पुन्हा टाके घालायला शिकवलं. लोकर मात्र खरी हवी, हा तिचा हट्ट होता. भावानं पुण्याहून आणली, तीन प्लाय, पांढरी, हातात घेतली की ताज्या पिठासारखी मऊ.

पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की या दिवसांत करता येण्यासारखं हे एकच काम आहे. बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. त्यात ढेकर काढणं, दुपटी बदलणं, पुन्हा निजवणं धरलं तर मधली फट कधी वीस मिनिटांची, कधी सहा. सहा मिनिटांत पुस्तक वाचता येत नाही, कारण त्यातली चार मिनिटं आपण कुठं होतो हे आठवण्यात जातात. शिवायला बसावं तर कात्री, टाचण्या, मशीनचा आवाज. विणकाम मधेच टाकलं तरी रुसत नाही. सुई टाक्यांसकट उशाशी ठेवली की तासानं, दिवसानं परत तिथूनच. मी बाळाच्या रडण्यावरही ओळ पुरी करायला धडपडायचे, तेव्हा आजी म्हणाली, "ओळ पुरी करून उठायचं हा नियम पोरं मोठी झालेल्या बायकांचा. तू हातातला टाका पुरा केलास तरी खूप."

मायेच्या टाक्यांबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालंय. मला त्यात भर घालायची नाही. रात्री तीन वाजता बाळ कसंबसं झोपलेलं, आपल्याला झोप येत नाही, अंग ठणकतंय, नवरा दीडशे मैलांवर गाढ झोपलेला, अशा वेळी जे टाके पडतात त्यांत माया थोडी आणि संताप बराच असतो. संतापात हात घट्ट चालतो. ते टाके दुसऱ्या दिवशी ओळखू येतात. ही गोष्ट पुढं उपयोगाला येणार आहे, म्हणून सांगून ठेवते.

दुपारी आजी माझ्याजवळ बसायची आणि जुन्या गोष्टी निघायच्या. तिच्या सासरी मूल पोटात असताना त्याच्यासाठी काही विणायची बंदी होती. दृष्ट लागते म्हणून. हिंदी सिनेमात नायिका इवलासा मोजा विणताना दिसली की नायकाला आणि थिएटरला बातमी कळायची. आजी म्हणाली, "आमच्याकडे अशी बसले असते तर सासूबाईंनी सुया काढून घेतल्या असत्या." म्हणून बायका एकमेकींची विणायच्या. हिला दिवस गेले की शेजारीण 'माझ्या भाचीसाठी' म्हणून टोपडं घ्यायची हातात, आणि बारशाला ते बरोबर बाळंतविड्यात निघायचं. जन्मलेल्या बाळालाही पहिले दिवस नवं कापड नाही. आजीच्या जुन्या लुगड्याचं दुपटं, थोरल्या चुलतभावाचं झबलं. कारण काहीही सांगोत, शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडाइतकं मऊ दुसरं काही नसतं.

लोकर आपल्या मुलखाला नवी नव्हती. माण तालुक्यातल्या म्हसवडच्या घोंगड्या आजीच्या माहेरी-सासरी दोन्हीकडे होत्या. धनगरांनी मेंढरं कातरायची, बायकांनी सूत काढायचं, सनगरांनी खड्ड्यातल्या मागावर पट्ट्या विणायच्या, चिंचोक्याची खळ द्यायची. दख्खनी मेंढीची लोकर भरड, टोचणारी. पावसात डोक्यावर घ्यायला उत्तम, बाळाच्या गालाला नको. तिच्यातही एक प्रकार मऊ असतो. कोकराची पहिली कातरण. तिला जावळ म्हणतात, आणि जावळाच्या घोंगडीला जास्त भाव येतो. बाळाच्या डोक्यावरच्या पहिल्या केसांना जो शब्द तोच कोकराच्या पहिल्या लोकरीला, पहिल्यांदा कुणाचं पाहून कुणाला म्हणाले असतील, हे विचारलं तर आजी म्हणाली, "दोघांचं काढताना रडतात सारखीच."

लोकर होती, तरी दोन सुयांवर विणायची विद्या मडमांबरोबर आली. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत उतरल्या, मुलींच्या शाळा काढल्या, पुढं अहमदनगरला गेल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचे धडे घेतले ते नगरला त्यांच्याकडे. मिशनच्या शाळांत मुलींना अक्षरांबरोबर शिवणटिपण आणि विणकाम असे. माझी पणजी नगरची. तिच्या वडलांनी तिला मिशनच्या शाळेत घातलं नाही, बाटतील म्हणून. पण शेजारच्या वाड्यातली मुलगी त्या शाळेत जायची आणि दोन घरांमधली भिंत कमरेएवढी होती. पणजी भिंतीच्या अलीकडून शिकली. अक्षरं नाही शिकली, कारण पाटी भिंतीवरून दिसत नव्हती. हात दिसत होते. सुया मागायची सोय नव्हती, तेव्हा भावानं सायकलवाल्याकडून मोडक्या चाकाच्या चार स्पोक आणून पायरीच्या दगडावर घासून दिल्या. आयुष्यभर ती अंगठा उमटवत राहिली आणि चार सळयांवर मोज्याची टाच अशी वळवायची की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं.

इथं थोडं आडवाटेला जाते. माझ्या मुलीसाठी आलेल्या आहेरात एक माकडटोपी होती, एक पुढून बटणांचं कार्डिगन होतं आणि एक रॅगलन बाहीचा स्वेटर. ही तिन्ही एकाच युद्धातली. १८५३ ते १८५६ चं क्रिमियाचं युद्ध. माकडटोपीचं इंग्रजी नाव बालाक्लाव्हा, ते क्रिमियातलं बंदर, जिथं इंग्रज सैन्य थंडीनं गारठलं आणि मायदेशातून लोकरीचे कपडे आले. २५ ऑक्टोबर १८५४ ला तिथंच घोडदळाची ती प्रसिद्ध आणि मूर्ख चढाई झाली, तिचं नेतृत्व करणारा लॉर्ड कार्डिगन. आणि सगळ्या फौजेचा सरसेनापती लॉर्ड रॅगलन, ज्याचा उजवा हात वॉटर्लूच्या लढाईत गेला होता. त्याच्या थोट्या खांद्यावर नीट बसावी म्हणून गळ्यापासून तिरपी जाणारी बाही निघाली असं म्हणतात. तीन किलोंच्या माझ्या लेकीच्या अंगावर एक आख्खी लढाई चढवली होती आणि ती त्यात शांत झोपली होती. मला हे फार गमतीचं वाटलं. आजीला मी सांगितलं तर ती गप्प झाली आणि म्हणाली, "विणकाम आणि लढाई यांचं काहीतरी आहे खरं." एवढंच. पुढं काही नाही.

मग मीच बासष्ट सालाचा विषय काढला.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीननं हल्ला केला. दिवाळी आठवड्यावर होती. २६ तारखेला आणीबाणी पुकारली गेली. नेफाच्या डोंगरात, चौदा-पंधरा हजार फुटांवर, आपले सैनिक सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत लढतायत, हे हळूहळू लोकांना कळलं आणि सबंध देशातल्या बायकांनी सुया हातात घेतल्या. साताऱ्यात ही बातमी वर्तमानपत्रातून यायची गरज नव्हती. इथल्या गावोगावी घरटी एक माणूस फौजेत. जवळच्या अपशिंग्याला तर नावातच 'मिलिटरी' आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं जो तो म्हणू लागला. बाकी महाराष्ट्राला तो अभिमान होता. साताऱ्याला घरचा माणूस कामावर रुजू झाल्यासारखं वाटलं. चव्हाण कऱ्हाडचे.

महिला मंडळातून लोकर वजन करून मिळायची, विणलेली वस्तू वजन करून परत द्यायची. नुकतीच दशमान पद्धत लागू झालेली, तराजूत नवे ग्रॅम आणि बायकांच्या डोक्यात औंस, त्यामुळं रोज भांडणं. हे सगळं आजी रंगवून सांगत होती. पिवळा स्वेटर आला की मात्र तिला पाणी प्यायचं असायचं.

मला संशय आला तो आकड्यांवरून. माझ्या मुलीच्या स्वेटरची पाठ आणि पुढा मिळून साठ ग्रॅमसुद्धा लोकर गेली नव्हती. चार महिन्यांच्या बाळाचा, बाह्यांसकट, फार तर शंभर ग्रॅम, म्हणजे साडेतीन औंस. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला अर्धा किलो लागते. बाबांचा स्वेटर उसवून जवानाची एक बाही झाली असती. आणि ती पिवळी.

बाळाला बघायला आत्याआजी आली, बाबांची आत्या. बासष्ट साली ती चौदा वर्षांची होती. लडीतून गुंडा करायचा असला की दोन हातांवर लडी धरून बसायचं काम तिचं. तिला विचारलं. ती म्हणाली, "जवानांची लोकर शेवाळी रंगाची होती. दुसरी घेतच नसत. बर्फात पिवळे हातमोजे घालून कोण लढणार? शत्रूला आंबा दिसायचा." मग बाबांच्या स्वेटरचं काय? "तो मी उसवताना पाहिला नाही. सकाळी नव्हता एवढं माहीत आहे." आणि आजीकडं बघून ती अशी हसली की ही साक्ष अर्धी राहिली, हे मला कळलं.

उरलेली अर्धी पुढच्या रविवारी मिळाली. स्वेटर पुरा झाला होता. टाके उचलून गळ्याची पट्टी केली, एक उलट एक सुलट, सात ओळी, आणि टाके बंद केले. रात्रीचे तीन, संताप, वगैरे. सकाळी बाळाला न्हाऊमाखू घालून, धुरी देऊन, तीट लावून सगळं घर बघायला जमलं. मी स्वेटर डोक्यावरून घातला. कपाळापर्यंत आला. भुवयांवर थांबला. जरा ओढला, कानांपाशी अडकला, आणि आत अंधारात कोंडलेल्या माझ्या लेकीनं जो टाहो फोडला तो अजिंक्यताऱ्यावर ऐकू गेला असेल. मी घाबरून काढायला लागले तर निघेना. आईनं पुढं होऊन दोन बोटं आत घालून हळूच सोडवला. बाळ लालबुंद, मी रडायच्या बेतात.

आणि आजी हसत होती. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत. पदर तोंडात धरून ती पलंगाच्या कडेला बसली. "अगदी अस्साच," ती म्हणाली. "अगदी अस्साच कानाशी."

सगळे पांगल्यावर तिनं मला सांगितलं. भाऊबीजेला आजीचा भाऊ नगरहून यायचा होता, पहिल्यांदा भाच्याला बघायला. सासूबाई म्हणाल्या, नवा स्वेटर घाल. तो शिरेना. पोर काळंनिळं झालं. तिनं तो कसाबसा काढला, गादीखाली कोंबला आणि भावासमोर बाळाला इरकली लुगड्याच्या कुंचीत गुंडाळून नेलं, म्हणाली, स्वेटर धुतलाय. लोकर महागाची होती, सासूबाईंनी हौसेनं आणवली होती, आणि हिला विणता येतं या एका गुणावर ती नव्या घरात जरा मान राखून होती. त्या रात्री तिनं तो अंधारात उसवला. गळा तेवढा उसवून पुन्हा करता आला असता, पण तेवीस वर्षांच्या, चार महिने झोप न झालेल्या बाईला ते सुचत नाही. सगळाच उसवला. सकाळी सासूबाईंनी विचारलं, स्वेटर कुठाय. आदल्या संध्याकाळी शेजारच्यांच्या रेडिओवर जवानांसाठी लोकरीच्या कपड्यांचं आवाहन झालं होतं. आजीच्या तोंडून निघून गेलं, "जवानांसाठी दिला."

"त्या काही बोलल्याच नाहीत," आजी म्हणाली. "मला जवळ घेतलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आणि दुपारपर्यंत सगळ्या पेठेला सांगून आल्या."

आता माघार नव्हती. खोटं खरं करायचं म्हणून आजी मंडळात गेली, शेवाळी लोकर घेऊन आली आणि मोजे विणायला बसली. सळया आईच्या, त्या चार स्पोक. मोज्याचं माप कुठून आणायचं? बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई अपशिंग्याची लेक होती, तिचे दोन भाऊ फौजेत. तिनं जमिनीवर हात ठेवून दाखवलं, धाकट्याचा पाय एक वीत आणि वर पाच बोटं. आजीनं सगळे मोजे त्याच पायाचे विणले. बाबा मांडीवर पितायत, एका हातानं डोकं सावरलंय, दुसऱ्या हातात सळ्या. ते झोपले की टाच, कारण टाचेला लक्ष लागतं, दोनाचा एक कुठं केला हे चुकलं की मोजा वाकडा. चिठ्ठी घालावी असं तिच्या मनात होतं, मोजे कुणी विणले एवढं तरी. सासूबाई म्हणाल्या, परपुरुषाला चिठ्ठी कसली. २१ नोव्हेंबरला चीननं युद्धबंदी जाहीर केली, तोवर दीड जोड झाला होता. आजी थांबली नाही. "युद्ध थांबलं म्हणून थंडी थोडीच थांबते?" संक्रांतीपर्यंत चार जोड झाले. ते कुणाच्या पायात गेले, कळायला मार्ग नव्हता. न्हाऊ घालणाऱ्या बाईचे दोन्ही भाऊ मात्र परत आले आणि धाकटा शिमग्याला गावी आला तेव्हा आजीनं दाराआडून त्याच्या पायांकडं बघितलं. वहाणा होत्या.

आणि पिवळी लोकर? ती उशीच्या अभ्ऱ्यात तीन वर्षं होती. पासष्टला माझी सख्खी आत्या झाली, तिच्यासाठी पुढून उघडा, बटणांचा स्वेटर केला. सासूबाई म्हणाल्या, रंग तसाच मिळाला गं, त्याच्यासारखा.

मी नंतर डॉक्टरांना विचारलं. तान्ह्या बाळाच्या डोक्याचा घेर छातीपेक्षा दोनेक सेंटिमीटर जास्त असतो. वर्षाच्या आसपास दोन्ही सारखे होतात, मग छाती पुढं जाते. आम्ही दोघींनी साठ वर्षांच्या अंतरानं छातीचं माप घेऊन गळा केला होता, वर टाके आवळून बंद केले होते. आपल्या झबल्याला, कुंचीला, टोपड्याला बंद असतात, कापड बाळाभोवती गुंडाळायचं आणि बांधायचं. बाळाला त्यात घुसावं लागत नाही. डोक्यावरून ओढायचा स्वेटर हा स्वतःचे हात वर करता येणाऱ्या माणसाचा कपडा. हे आपल्या जुन्या बायकांना न मोजता ठाऊक होतं आणि नव्या सुयांबरोबर आम्ही विसरलो.

"बंद करताना एक नंबर जाड सुई घ्यायची," आजी म्हणाली. "आणि डाव्या खांद्यावर दोन बटणं ठेव."

मी गळा आणि खांद्याचा भाग उसवला. खूप दिवस एका आकारात बसलेली लोकर सुटली की सरळ होत नाही, टाक्यांच्या घड्या तशाच घेऊन कुरळी बाहेर येते. लेकीच्या मानेवर घामानं चिकटलेल्या जावळासारखी. तिची सैल लडी करायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली वजन बांधून टांगायची, मग ताण बसतो. आजीनं ती न्हाणीघराच्या दाराच्या कडीला टांगली आणि खाली देवघरातला छोटा तांब्या बांधला. पाणी टपकत होतं.

संध्याकाळी बाबा हातपाय धुवायला आले आणि तांब्याला अडखळले. चष्मा वर करून त्यांनी लडीकडं पाहिलं. "चांगला झाला होता की. उसवला कशाला?"

मी तोंड उघडायच्या आत आतून आजीचा आवाज आला.

"जवानांसाठी!"

बाबांनी लडीचं टोक बोटात घेतलं, जरा वेळ धरलं, आणि तांब्या न हलवता बाजूनं आत गेले.